यूकेत नवीन आलात आणि फूड बँकेला नियमित द्यायचंय? मग इथून सुरुवात करा

इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोव्हेंबर-डिसेंबर आला की एक प्रश्न हमखास येतो, फूड बँकेला काहीतरी द्यायचंय, कुठे द्यायचं, काय द्यायचं, पैसे दिले तर चालतात का. विचारणाऱ्याचं मन मोठं असतं यात शंकाच नाही, लोक खरंच ट्रॉली भरभरून सामान नेऊन देतात. पण मग पुढचा नोव्हेंबर येईपर्यंत विषय बंद, आणि मला नेमकं तेच बदलायचंय म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. वर्षातून एकदा शंभर पाऊंडांचं सामान देण्यापेक्षा दर महिन्याला आठ-दहा पाऊंडांचं द्या, आणि तेही त्यांनी मागितलेलंच द्या. फूड बँक चालवणाऱ्यांना याचा कितीतरी जास्त उपयोग होतो, का ते पुढे येईलच.

आधी हे चालतं कसं ते बघू

बऱ्याच जणांना वाटतं की फूड बँक म्हणजे कुणीही जाऊन जेवून यावं अशी जागा, आपल्याकडच्या अन्नछत्रासारखी किंवा गुरुद्वाऱ्यातल्या लंगरसारखी. तसं नसतं. इथे शिजवलेलं अन्न बहुतेक ठिकाणी मिळत नाही, घरी नेऊन खायचं कोरडं आणि डबाबंद सामान मिळतं. आणि बऱ्याच फूड बँकांमध्ये आधी रेफरल लागतो, म्हणजे जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर), शाळा, हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांच्या घरी येणारी नर्स), सोशल वर्कर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस (फुकट सल्ला देणारी संस्था) यांपैकी कुणीतरी व्हाउचर देतं, त्यावर घरात मोठे किती, मुलं किती ते लिहिलेलं असतं, आणि त्या हिशोबाने निदान ३ दिवसांचं सामान बांधून देतात.

सगळ्यात मोठं नेटवर्क ट्रसेलचं, जे २०२४ पर्यंत ट्रसेल ट्रस्ट या नावाने ओळखलं जायचं. ही संस्था १९९७ साली सुरू झाली आणि २००० साली सॉल्सबरी गावात एका घराच्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये त्यांची पहिली फूड बँक उघडली. आज देशभर त्यांची १,४०० च्या वर केंद्रं आहेत. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात त्यांच्या नेटवर्कने ३१ लाखांहून जास्त पार्सलं दिली आणि त्यातली ११ लाखांहून जास्त मुलांसाठी होती. याशिवाय चर्च, मशिदी, गुरुद्वारे, कम्युनिटी सेंटर यांनी आपापल्या चालवलेल्या स्वतंत्र फूड बँका आहेत त्या वेगळ्या, त्याही हजाराच्या वर आहेत. एवढ्या श्रीमंत देशात हे का लागतं असा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. नोकरी गेल्यावर युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे सरकारी भत्त्याचा अर्ज केला की पहिला हप्ता हातात यायला साधारण ५ आठवडे जातात, घरभाडं आणि विजेचं बिल मात्र थांबत नाही, आणि कित्येक घरांत दोघंही कामावर जातात तरी महिनाअखेरीला पुरत नाही. तुमच्याच गल्लीत, तुमच्या मुलाच्याच वर्गात अशी घरं असतात.

पायरी पहिली, आपली जवळची फूड बँक शोधा

जवळचीच शोधा. दुसऱ्या शहरातली प्रसिद्ध संस्था कितीही चांगली असली तरी आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यावरची फूड बँक वर्षभर लक्षात राहते, लांबची दोन महिन्यांत मागे पडते. ट्रसेलच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकून शोधता येते. स्वतंत्र फूड बँकांसकट सगळ्या एका जागी बघायच्या असतील तर गिव्ह फूड नावाची साइट आहे, तिथे पोस्टकोड टाकला की जवळच्या फूड बँका तर दिसतातच, पण त्यांना सध्या काय हवंय आणि काय नकोय तेही दिसतं, आणि हे दुसरं जास्त कामाचं आहे.

नाव सापडलं की दोन मिनिटं काढून ती रजिस्टर्ड आहे का बघा. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनचं रजिस्टर ऑनलाइन आहे, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचं वेगवेगळं आहे. चॅरिटी नंबर टाकला की ट्रस्टी कोण, वर्षाला किती आले आणि किती गेले हे सगळं दिसतं. अगदी छोट्या फूड बँका एखाद्या चर्चच्या नंबरखाली चालतात, तेव्हा नाव सापडलं नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका, ईमेल करून विचारा, सांगतात.

शोधताना अजून दोन-तीन नावं समोर येतील, त्यांची गल्लत करू नका. पँट्री म्हणजे आठवड्याला थोडे पाऊंड भरून मेंबर व्हायचं आणि त्या बदल्यात बऱ्याच जास्त किमतीचं सामान निवडून न्यायचं. कम्युनिटी फ्रिज म्हणजे कुणीही ठेवा, कुणीही न्या, तिथे ताज्या भाज्या, फळं, ब्रेड चालतं. फेअरशेअर ही संस्था मोठ्या कंपन्यांचं आणि शेतांवरचं उरलेलं चांगलं अन्न गोळा करून चॅरिटींना पोचवते, घरोघरचं किरकोळ सामान हा काही त्यांचा मुख्य धंदा नाही. म्हणजे तुमच्याकडे चार केळी आणि अर्धा डझन सफरचंदं जास्त झालीत तर कम्युनिटी फ्रिज, आणि टिन-पाकिटं असतील तर फूड बँक.

पायरी दुसरी, विचारल्याशिवाय काही घेऊ नका

माझं सगळ्यात जास्त सांगणं याच पायरीबद्दल आहे.

फूड बँकेच्या गोदामात सामान आलं की आधी वजनकाट्यावर जातं, किती किलो आलं ते लिहितात. मग लांब टेबलावर ओतून एकेक डबा हातात घेऊन त्यावरची तारीख शोधतात, आणि ती बारीक छापलेली तारीख जाड मार्करने डब्यावर मोठ्या अक्षरात लिहितात, म्हणजे पुढे पार्सल बांधणाऱ्याला परत शोधत बसायला नको. मग सूप वेगळं, भाज्या वेगळ्या, मासे वेगळे, असं क्रेटमध्ये भरून क्रेटवर महिना-वर्षाची चिठ्ठी लावतात आणि जुनी तारीख पुढे, नवी मागे अशी रचना करतात. तुमच्या-आमच्या आयांनी कोठीच्या खोलीत डाळ-तांदूळ असेच लावले असतील. फक्त इथे ते काम निवृत्त माणसं आणि सुट्टीच्या दिवशी आलेले तरुण उभ्याने तास न् तास करतात.

आता अशा गोदामात उभं राहून बघितलंत तर बेक्ड बीन्स आणि पास्त्याचे क्रेट छतापर्यंत गेलेले दिसतील आणि शेजारच्याच रांगेत ज्यूस, लाँग लाइफ दूध, डबाबंद फळं, डब्यातले उकडलेले बटाटे यांच्या फळ्या रिकाम्या. कारण प्रत्येकाला 'गरिबाला काय द्यावं' म्हटलं की बीन्स आणि पास्ताच सुचतो. पार्सल मात्र ठरलेल्या यादीप्रमाणेच बांधावं लागतं, त्यात दूध पाहिजे, फळ पाहिजे, भाजी पाहिजे, प्रोटीन पाहिजे. जे दान म्हणून आलं नाही ते मग पैसे खर्चून विकत आणायचं, आणि बीन्स पडून राहतात.

म्हणून फूड बँकेच्या वेबसाइटवर किंवा फेसबुक पेजवर जाऊन या आठवड्याची यादी बघा. यादी बदलत राहते. मागच्या महिन्यात जे हवं होतं ते या महिन्यात ढिगाने पडलेलं असू शकतं, त्यामुळे दर वेळी बघा, पाठ करून ठेवू नका. साधारणपणे कमी पडणाऱ्या गोष्टी म्हणजे यूएचटी (लाँग लाइफ) दूध, ज्यूस, डबाबंद मासे आणि मांस, डबाबंद फळं, कस्टर्ड, जॅम, कॉफी, स्वयंपाकाचं तेल, आणि खाण्याव्यतिरिक्त म्हणाल तर टूथपेस्ट, शांपू, डिओडरंट, कपडे धुवायची पावडर, टॉयलेट रोल, सॅनिटरी पॅड, मोठ्या साइजचे नॅपी (डायपर). माणसाकडे खायला पैसे नाहीत म्हणजे साबणालाही नाहीत, हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्यापैकी जे शाकाहारी आहेत त्यांना ट्यूनाचे किंवा मांसाचे डबे विकत घेणं जड जातं, ते अगदी समजण्यासारखं आहे. मग ते घेऊ नका. दूध, ज्यूस, फळं, तेल, साबण यांची गरज तेवढीच आहे, त्यातलं काहीही घ्या.

पायरी तिसरी, काय चालतं आणि काय चालत नाही

घरी केलेलं काहीही चालत नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा, बेसनाचे लाडू, चकल्या, कितीही निगुतीने केलेल्या असोत, नाहीच घेणार. त्यांना प्रत्येक वस्तूवर बंद पॅकिंग, तारीख आणि घटक पदार्थांची यादी लागते, कारण कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाला गव्हाची, आणि त्या बाबतीत त्यांना कुठलाही धोका पत्करता येत नाही. फराळ शेजाऱ्यांना द्या, ऑफिसात न्या.

तांदूळ-डाळ-पीठ द्यायचं तर छोटी पाकिटं घ्या, अर्धा किलो किंवा एक किलो. इंडियन स्टोअरमधून दहा किलोची बासमतीची गोणी उचलून नेली तर ती फोडून सुटी बांधायला स्वच्छतेचे नियम आडवे येतात, आणि अख्खी गोणी एका घराला देता येत नाही. राजमा-छोले कोरडे देण्यापेक्षा टिनमधले बरे, कारण कोरडे भिजत घालून तासभर शिजवायचे म्हणजे गॅस-वीज जळणार, शिवाय राजमा नीट उकळला गेला नाही तर पोट बिघडतं हे सगळ्यांना माहीत नसतं. इथे विजेच्या प्रीपे मीटरमध्ये पैसे टाकले तरच वीज येते अशी लाखो घरं आहेत, तेव्हा शिजायला किती वेळ लागतो हा विचार आधी करा.

काही लोकांकडे तर शेगडीच नसते. बी अँड बीच्या, म्हणजे छोट्या लॉजच्या खोलीत काउन्सिलने (इथल्या नगरपालिकेने) ठेवलेलं कुटुंब, किंवा होस्टेलमध्ये राहणारा माणूस, त्यांच्याकडे फार तर एक किटली. अशांसाठी वेगळं पार्सल करतात, त्याला किटली पॅक म्हणतात, त्यात गरम पाणी ओतून होणारं सूप, पॉट नूडल्स, कूसकूस, इन्स्टंट पॉरिज असं असतं. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे टिन ओपनर तरी कुठून असणार, म्हणून टिन घेताना झाकणाला ओढायची रिंग आहे का ते बघून घ्या. किमतीत विशेष फरक पडत नाही, पण घेणाऱ्याला खूप पडतो.

तारखेचं असं, की पाकिटावर दोन प्रकारच्या तारखा असतात. यूज बाय उलटली की ते खाणं धोक्याचं, तो विषय संपला. बेस्ट बिफोर ही चवीची आणि दर्जाची तारीख असते, ती उलटली म्हणजे लगेच खराब झालं असं नाही, तरी फूड बँकेला देताना पुढे निदान काही महिने शिल्लक असलेलंच द्या, कारण गोदामात, गाडीत, केंद्रावर असं फिरत फिरत घरात पोचायला वेळ जातो. कपाट आवरताना सापडलेलं जुनं सामान तिथे नेऊन टाकू नका, ते फेकायचं काम त्यांच्या माणसांच्या अंगावर पडतं. फुगलेले, गंजलेले, शिवणीवर चेपलेले टिन नकोत. काचेच्या बाटल्या शक्यतो टाळा. दारू आणि औषधं तर नाहीच नाही. बाळाचं फॉर्म्युला दूध विचारल्याशिवाय घेऊ नका, बऱ्याच फूड बँका ते दान म्हणून घेत नाहीत, बाळ असलेल्या घराला हेल्थ व्हिजिटरमार्फत मदत करायची त्यांची पद्धत असते.

एक छोटी गोष्ट, साबण आणि कपडे धुवायची पावडर वेगळ्या पिशवीत भरा. चहा, तांदूळ, पीठ यांना तो वास लागतो आणि मग जात नाही.

ब्रँडबद्दल लोक विचारतात. सुपरमार्केटचं स्वतःचं साधं लेबल अगदी चालतं, आपल्या घरी आपण तेच आणतो. अधूनमधून एखादं चांगलं चॉकलेटचं पाकीट, चांगली कॉफी टाकावी असं माझं मत आहे. अडचणीतल्या माणसालाही चांगली कॉफी आवडते.

पायरी चौथी, सवय कशी लावायची

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथेही खरं आहे. पहिल्या महिन्यात उत्साह, दुसऱ्यात आठवण, तिसऱ्यात काही नाही. म्हणून ते उत्साहावर सोडूच नका.

सामान द्यायचं असेल तर आठवड्याच्या खरेदीच्या यादीतच एक ओळ कायमची ठेवा. दर शनिवारी आपल्या खरेदीबरोबर त्यांच्या यादीतल्या एक-दोन वस्तू, बस. टेस्को, सेन्सबरीज, आस्डा, मॉरिसन्स, वेटरोज अशा मोठ्या दुकानांत बहुतेक वेळा काउंटर ओलांडून बाहेर पडताना मोठा क्रेट किंवा पिंजरा ठेवलेला असतो, त्यात टाकायचं. त्यावर कुठल्या फूड बँकेला जातं ते लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या. असा क्रेट तुमच्या दुकानात नसेल तर घरात दाराजवळ एक पिशवी लटकवून ठेवा आणि महिन्यातून एकदा नेऊन द्या. नेताना त्यांची वेळ बघा, कारण सामान घ्यायची वेळ आणि लोकांना वाटायची वेळ वेगळी असू शकते. वाटपाच्या वेळी दारात गाडी लावून सामान उतरवत बसलात तर आत येणाऱ्या माणसाला उगाच अवघडल्यासारखं होतं.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना दुकानात यादी हातात देऊन वस्तू शोधायला लावा, त्यांना हे काम फार आवडतं.

पायरी पाचवी, पैसे दिलेत तर उत्तमच

बऱ्याच जणांना पैसे द्यायला नको वाटतं, वस्तू दिली की दिल्यासारखं वाटतं. पण फूड बँकेला गोदामाचं भाडं असतं, व्हॅनचं डिझेल, विमा, वीज, आणि जे दानात आलं नाही ते घाऊक भावाने आणायचं असतं. काही ठिकाणी तर लोकांना प्रीपे मीटरसाठी व्हाउचर देतात, कर्जाच्या आणि बेनिफिटच्या (सरकारी भत्त्यांच्या) कागदपत्रांसाठी सल्लागार बसवतात, म्हणजे त्या माणसाला परत यायला लागू नये. टिनमधून हे होत नाही.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्टँडिंग ऑर्डर लावा, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाते. रक्कम तुम्ही ठरवायची, तारीख तुम्ही ठरवायची, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवली की जाणवतही नाही. पाच पाऊंडसुद्धा चालतात, खरंच चालतात, कारण दर महिन्याला नक्की किती येणार हे माहीत असलं की त्यांना पुढच्या तिमाहीची खरेदी ठरवता येते. डिसेंबरात येणाऱ्या मोठ्या चेकने ते होत नाही.

आता गिफ्ट एड. तुम्ही इथे टॅक्स भरत असाल तर एक छोटा फॉर्म भरून द्यायचा, मग तुमच्या प्रत्येक पाऊंडामागे सरकारकडून चॅरिटीला २५ पेन्स जास्त मिळतात. म्हणजे १० पाऊंड दिलेत तर त्यांना १२.५० मिळतात आणि तुमच्या खिशातून एक पेनीही जास्त जात नाही. तुम्ही ४० टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये असाल तर वरचा फरक तुम्हाला सेल्फ असेसमेंटमध्ये (इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये) परत मागता येतो, त्या १० पाऊंडांवर २.५० होतात, तेही परत देऊन टाकलेत तर काय हवं! मात्र विद्यार्थी असाल, टॅक्स कापला जात नसेल, तर त्या चौकटीत टिक करू नका, कारण त्या वर्षात तेवढा टॅक्स भरलेला नसेल तर एचएमआरसी, म्हणजे इथलं टॅक्स खातं, तो फरक तुमच्याकडून मागू शकतं. टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. गिफ्ट एड पैशांवर मिळतं, दिलेल्या टिनांवर नाही.

नोकरी असेल तर एचआरला पेरोल गिव्हिंग आहे का विचारा, त्यात टॅक्स कापायच्या आधीच पगारातून रक्कम जाते, त्यावर मग वेगळं गिफ्ट एड नसतं. आणि काही कंपन्या तुम्ही दिलंत तेवढीच रक्कम स्वतःची घालतात, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आपल्याकडे वडिलांच्या श्राद्धाला, मुलाच्या वाढदिवसाला, पहिल्या पगाराला अन्नदान करायची पद्धत आहेच. ती इथेही चालू ठेवा, फक्त ती महिन्याच्या रकमेच्या जागी नको, तिच्यावर वाढीव म्हणून द्या.

पायरी सहावी, कधी द्यायचं

इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा आणि चर्चमध्ये हार्वेस्ट फेस्टिव्हल, म्हणजे सुगीचा सण असतो, तेव्हा प्रचंड सामान येतं. मग नोव्हेंबरच्या अखेरीपासून सुपरमार्केटच्या कलेक्शन, ख्रिसमस, म्हणजे गोदामं भरून वाहतात. त्यावर जानेवारी कशीबशी निघते, आणि फेब्रुवारी-मार्चपासून फळ्या रिकाम्या व्हायला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की शाळेत फुकट जेवणारी मुलं दुपारी घरी जेवतात, मागणी वाढते, आणि देणारे तर सुट्टीवर गेलेले असतात.

आता आपल्या मंडळांचं कॅलेंडर बघा, हे किती छान जुळतं! लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात एखादं मराठी मंडळ सापडतंच. संक्रांत जानेवारीत, शिवजयंती १९ फेब्रुवारीला, गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये, महाराष्ट्र दिन १ मेला. म्हणजे इथल्या देणाऱ्यांचा हात जेव्हा आखडतो तेव्हाच आपले कार्यक्रम असतात. दिवाळीच्या कार्यक्रमात क्रेट ठेवण्यापेक्षा पाडव्याच्या कार्यक्रमात ठेवा असं मी प्रत्येक मंडळाच्या कमिटीला सांगत असते.

आणि हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना वाण लुटतात, प्लास्टिकचे डबे, छोट्या वाट्या, पर्स, जे इथे आणल्यावर कुणाच्याच घरात मावत नाही. त्याऐवजी प्रत्येकीने येताना एक शांपू, एक सॅनिटरी पॅडचं पाकीट, एक टूथपेस्ट आणायची आणि हळदीकुंकू लावून झालं की ते मधल्या टोपलीत ठेवायचं. तिळगूळ मिळतो, गप्पा होतात, उखाणे होतात, आणि वीस बायका आल्या तर एका संध्याकाळी फूड बँकेच्या टॉयलेटरीजच्या दोन फळ्या भरतात. यजमानीणबाईंनी निमंत्रणातच तसं लिहिलं की कुणाला अवघड वाटत नाही.

मंडळातर्फे मोठं कलेक्शन करणार असाल तर फूड बँकेला महिना-दोन महिने आधी ईमेल करा. त्यांच्याकडून यादी घ्या, तीच यादी मेसेजमध्ये जशीच्या तशी पाठवा, शक्य असेल तर वाटून द्या, अमुक आडनावांनी दूध, अमुक आडनावांनी ज्यूस, म्हणजे परत सगळे पास्ताच आणत नाहीत. सामान कधी आणायचं, किती क्रेट, कुणाच्या गाडीतून, हे त्यांच्याशी ठरवा. देतानाचे फोटो काढायचे असतील तर रिकाम्या गोदामात, क्रेटबरोबर काढा. घ्यायला आलेल्या माणसांचे फोटो कधीही, कुठल्याही कारणाने काढू नका. त्या रांगेत तुमच्या ऑफिसातला माणूस असू शकतो.

वेळ द्यायचा असेल तर

पैसे आणि सामान दोन्ही जमत नसेल तर महिन्यातून एक सकाळ द्या. सॉर्टिंग, व्हॅन चालवणं, सुपरमार्केटच्या दारात यादी वाटणं, केंद्रावर चहा करून लोकांशी बोलत बसणं, अशी खूप कामं असतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती यांपैकी काही येत असेल तर मुद्दाम सांगा, काही भागांत याचा खूप उपयोग होतो. ऑफिसमधले बारा जण मिळून एक दिवस जाण्यापेक्षा एकट्याने दर महिन्याला जाणं त्यांना सोयीचं पडतं, कारण दर वेळी नव्याने शिकवत बसावं लागत नाही. हार्वेस्टनंतर सामानाचे ढीग पडलेले असतात तेव्हा मात्र मोठ्या टीमही हव्या असतात, विचारून जा. स्टुडंट व्हिसावर असाल तर आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण व्हिसाच्या नियमांत व्हॉलंटियरिंग आणि बिनपगारी नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी धरतात.

आपल्यावरच वेळ आली तर

हे लिहायलाच हवं, कारण आपल्यातले बरेच जण लाजेपोटी उपाशी राहतात. एजंटला पैसे देऊन आलेला विद्यार्थी, पार्टटाइम काम सुटलेलं, घरभाडं थकलेलं, घरी आईबाबांना सांगवत नाही. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलंय म्हणून फूड बँकेत गेलो तर व्हिसा जाईल अशी भीती असते. फूड बँक ही चॅरिटी आहे, इमिग्रेशनच्या नियमांत ज्यांना पब्लिक फंड म्हणतात त्या यादीत ती येत नाही. युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट सपोर्टला किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसला गाठा, ते रेफरल देतात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला हे सांगा, आणि जमलं तर पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जा.

घर बदलताना किंवा परत जाताना

शहर बदललं तर जुनी स्टँडिंग ऑर्डर चालू ठेवायची की नव्या गावातल्या फूड बँकेला लावायची ते ठरवा, बंद करणार असाल तर जुन्यांना एक ओळीचा ईमेल टाका म्हणजे त्यांचा हिशोब चुकत नाही. भारतात परत निघाला असाल, इथला टॅक्स थांबणार असेल, तर गिफ्ट एडही रद्द करायला त्यांना कळवावं लागतं, हे बऱ्याच जणांकडून राहून जातं. आणि निघायच्या आधी दोन-तीन आठवडे स्वयंपाकघरातलं न फोडलेलं, तारीख शिल्लक असलेलं सामान वेगळं काढून ठेवा. सामान बांधायच्या गडबडीत शेवटच्या दिवशी ते हमखास बिनमध्ये जातं.